तोतारामचे घड्याळ

तोतारामने आणि मी धरणगावच्या जिनिंगात एकतीस वर्षे कापसाच्या गाठी लोटल्या. एक गाठ पावणेदोनशे किलोंची. एकदा गाठीची पट्टी तुटून त्याचा तळहात फाटला. फडके बांधून त्याने पाळी पूर्ण केली. हाच माणूस शुगर तपासायला बोट पुढे करीत नसे.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस आवाजावरून ओळखायचा. डॉक्टर म्हणाले, शुगर दोनशेच्या आत आणा, मगच ऑपरेशन. तेव्हा मेहरूणला दिलेल्या मुलीने, रूपालीने, मोबाईलवरून एक घड्याळ मागवले. सुई नाही, रक्त नाही. मनगटावर बांधले की खालून हिरवा उजेड पडतो आणि आकडा येतो. आकडा बायको वाचायची, कुंदाबाई. पहिल्या दिवशी एकशे अठरा. आठवडाभर एकशे अठराच.

तोतारामने सकाळचे चालणे बंद केले आणि पुरणाचे मांडे सुरू केले. मी म्हणालो, घाम गाळल्याशिवाय आकडा उतरत नाही. त्याचे म्हणणे, माझ्याकडे घड्याळ नाही म्हणून मी जळतो.

ऑपरेशनला चार दिवस उरले असताना आमचा दोस्त नवल याच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. वांगी भाजण्याआधी चाकूने टोचतात, नाहीतर विस्तवावर फुटतात. ते काम कुंदाबाईकडे होते. तोतारामने हात धुवायला घड्याळ काढून ठेवले. तिने ते उचलले, मनगटाएवढ्या जाड वांग्याला बांधले आणि वाट पाहिली.

“वांगाले बी एकशे अठरा शे. आते कोनले टोचू?”

सगळे हसले. तोताराम हसला नाही. जरा वेळाने त्याने तोंड फिरवून बोट पुढे केले. नवलच्या आईचे शुगर तपासायचे सुईचे मशीन मळ्यातल्या घरातच होते. आकडा आला दोनशे चौऱ्याण्णव.

ऑपरेशन दीड महिना पुढे गेले. रोज सकाळी मी त्याला स्टेशनपर्यंत चालवले. अर्ध्यातून परतला तो दिवस मी हिशेबात धरला नाही. बोट तो रोज देत होता, तक्रार न करता. मला त्याचे कौतुक वाटू लागले होते. शेवटी आकडा एकशे छप्पनवर आला आणि एका डोळ्याचे ऑपरेशन झाले.

पट्टी निघाल्यावर कुंदाबाईने नेहमीप्रमाणे त्याचे बोट धरले. तोतारामने हात मागे घेतला आणि सुईकडे नीट पाहिले.

“इतली मोठी शे ही? दिखत नव्हती तेच बरं व्हतं.”

मग त्याने नवा डोळा घट्ट मिटला आणि बोट पुढे केले.