नाल्याकाठची अकरा घरं आणि कागदाची कड

जुळे सोलापुरात एका अपार्टमेंटच्या खाली, रहिवाशांच्या गाड्या लागतात त्याच्या शेजारच्या गाळ्यात काकांचं नकाशांचं दुकान होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. त्या रस्त्यानं गेले की माझी गाडी अजून आपोआप हळू होते.

काका माझे नात्यानं कुणी नव्हेत. मूळचे मैंदर्गीचे. सगळी नोकरी कालव्यांचे नकाशे हातानं काढण्यात गेली, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईनं. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि मुलाच्या फ्लॅटखालीच हा गाळा घेऊन बसले. दुपारी एक वाजला की वरच्या गॅलरीतून काकू हाक मारायच्या, ‘ऊटक्क बर्री!’ म्हणजे जेवायला चला. काका हातातलं काम तसंच ठेवून उठायचे. ही हाक मला इतकी पाठ झाली होती की कानडीतलं दुसरं काही येत नसूनही एक वाजता मला भूक लागायची.

त्यांची एक सवय होती. नकाशा छापून आला की तो टेबलावर पसरायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि चौकटीच्या चारी कोपऱ्यांवर बोट टेकवत कानडीत मोजायचे, ‘ओंद, एरड, मूर, नाक.’ चार कोपरे बोटाला लागले की मगच कागद गिऱ्हाइकाच्या हातात. मला हसू यायचं.

‘काका, कागदाला कधी तीन कोपरे असतात का?’

‘कागदाला न्हाय गं तंगी. नकाशाला असतात की.’

तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्यांच्या नातीच्या वयाची मी, पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून तंगीच केलं.

मी पत्रकं लिहायचे. अजूनही लिहिते. पाण्यावर, रेशनवर, शाळेच्या छपरावर. आणि पत्रकाचं एक शास्त्र असतं, निदान माझं होतं: कागदाच्या दोन्ही बाजू भरायच्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. रिकामी जागा म्हणजे गिळलेला शब्द. समास सोडणं ही ज्यांच्याकडं बोलायला काही नाही त्यांची चैन. हे मी सभेत ठासून सांगायचे आणि लोक माना डोलवायचे.

आमची वस्ती नाल्याला लागून आहे. त्या वर्षी घरं नावावर करायची म्हणून मोजणी होणार होती, आणि त्याआधी वस्तीनं मापात काढलेला नकाशा द्यायचा होता. नकाशात नाही ते घर मोजणीत नाही. मोजणीत नाही ते घर नव्हेच, अतिक्रमण. ज्या घरात दोन पिढ्या जन्मल्या, त्याला एका रेघेशिवाय अस्तित्व नाही! हा न्याय कुठला, हे मी तेव्हाही विचारलं, आजही विचारते. पण विचारून रेघ उमटत नाही. रेघ काढावी लागते.

म्हणून आम्ही बायकांनी टेप घेतली आणि चौसष्ट घरं मोजली. त्यातली अकरा अगदी नाल्याच्या काठाला, एका ओळीत. त्या ओळीतलं सातवं माझ्या आत्याचं. आई गेल्यावर आत्यानं मला तिथंच वाढवलं. ती शाळेत खिचडी शिजवते. टेपचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं, आणि प्रत्येक घरासमोर ती ओरडून माप सांगायची, जणू लग्नात आहेर पुकारतेय.

काका दोनदा मोपेडवरून येऊन स्वतः बघून गेले. मग त्यांनी नकाशा काढला, एकास दोनशे. जागेवरचे दोन मीटर म्हणजे कागदावर एक सेंटीमीटर. नकाशा उत्तम होता. पण मला तो कसा दिसला, तर मुका. चारी बाजूंनी चौकट, डावीकडं तर चांगली दीड बोट पांढरी जागा. एवढा मोठा कागद आणि त्यावर आमचं म्हणणं कुठंच नाही!

एक वाजला. वरून हाक आली. काका म्हणाले, ‘जेवून येतो, मग पीडीएफ करून पाठवू.’ आणि गेले.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. पत्रकं मीच जुळवत असल्यानं कॉम्प्युटरची भीती नव्हती. चौकट पुसली. सगळा नकाशा धरून डावीकडं सरकवला, अगदी कडेला टेकेपर्यंत. उजवीकडची मोकळी जागा चांगली रुंद झाली. तिथं जाड अक्षरात लिहिलं: ‘घर आमच्या हक्काचं!’ पडद्यावर कागदाच्या आतून एक तुटक रेघ दिसत होती. पत्रकावर कूपन असलं की तिथं कापायला अशी रेघ देतात, तसलंच काहीतरी असेल म्हणून मी तिच्याकडं पाहिलंही नाही. पीडीएफ केली. मोबाईलवर उघडून घोषणा कशी दिसते तेवढी मोठी करून पाहिली. झकास. मोजणी कचेरीला ईमेल केली. काका जेवून आले तेव्हा मी अभिमानानं सांगितलं, ‘काका, काम झालं, पाठवली.’

काकांनी फक्त विचारलं, ‘छापून बघितलीस?’

‘त्यांना पीडीएफच पाहिजे.’

‘बरं,’ ते म्हणाले. पण त्यांना ते बरं वाटलं नव्हतं, हे आज कळतं.

सोमवारी मला मोजणी कचेरीत बोलावलं. टेबलावर आमचा नकाशा छापून ठेवला होता. तिथले कारकून शांतपणे म्हणाले, ‘ताई, अर्जात चौसष्ट घरं. नकाशात त्रेपन्न. कुठला आकडा धरू?’

मी वाकून पाहिलं. डावीकडची नाल्याकाठची ओळ नव्हती. अकरा घरं नव्हती. आत्याचं घर नव्हतं. कागद जिथं संपत होता तिथं वस्तीही संपत होती.

मग मी जे बोलले ते लिहायला आता लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, नाल्याकाठी कुणाला तरी रस्ता पाहिजे म्हणून तुम्ही ती ओळ उडवलीत. बिल्डरचं नाव सांगा. आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. कारकून उठले नाहीत, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘बुधवारी दुपारपर्यंत दुरुस्त नकाशा द्या. त्यानंतर मोजणीची यादी बंद होते.’

संध्याकाळपर्यंत पत्रक तयार होतं. ‘नाल्याकाठची अकरा घरं कुणी गिळली?’ दोन्ही बाजू भरून, कडेपासून कडेपर्यंत. माझ्या हातून उतरलेलं ते सगळ्यात चांगलं पत्रक होतं, हे अजूनही म्हणते. रात्र पडायच्या आत वस्तीत घरोघरी गेलं.

मंगळवारी सकाळी ते घेऊन मी काकांकडं गेले. शाबासकी मिळेल या भरवशावर. काकांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, शेवटच्या ओळीपर्यंत. मग घडी घातली, बाजूला ठेवली आणि कॉम्प्युटरवर माझी पीडीएफ उघडली.

‘हे कुणी सरकवलं?’

‘मी. जागा वाया जात होती.’

‘चौकट?’

‘पुसली.’

‘ही तुटक रेघ दिसली न्हाय?’

‘दिसली. पण ती…’

‘पीडीएफ करणारा हा प्रोग्रॅम कडेची पट्टी राखून ठेवतोय. त्या रेघेच्या बाहेर तो काही उमटवत न्हाय. पडद्यावर सगळं दिसतंय, कागदावर येत न्हाय.’ त्यांनी नकाशावरची ओळ आणि पीडीएफची कड शेजारी शेजारी दाखवली. ‘कुणी गिळली म्हणून विचारतीयस नव्हं? ही बघ. तू.’

मी पडद्यावरची ती तुटक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

‘बस,’ काकांनी खुर्ची माझ्याकडं ढकलली. ‘तूच नीट कर. मी हात लावणार न्हाय.’

घोषणा तरीही काढवत नव्हती. मग मला युक्ती सापडली: ‘पानात बसवा’ असा एक पर्याय होता. तो दाबला. अकरा घरं परत आली! घोषणाही राहिली! मी टाळी वाजवली. काकांनी कागद छापून घेतला, आपली तिकोनी मोजपट्टी काढली आणि नाल्याकाठच्या सातव्या घरावर ठेवली.

‘आत्याच्या घराची दर्शनी भिंत किती मोजलीस?’

‘दहा फूट. तिनंच पुकारलं होतं.’

‘हितं सव्वानऊसुद्धा भरत न्हाय.’ त्यांनी पट्टी माझ्यासमोर सरकवली. ‘बसवायला लावलंस की त्यानं सगळंच आवळलं. चौसष्टच्या चौसष्ट. वर अजून लिवलंय एकास दोनशे. साहेबानं अशीच पट्टी लावली तर काय म्हणंल? माप खोटं, नकाशा खोटा. आधी अकरा गेली होती, आता सगळीच जातील.’

त्या क्षणी मी घोषणा पुसली. माझ्या हातानं.

‘घोषणा अर्जात लिव की. तितं कोण अडवतंय?’ काका जरा मवाळ झाले. ‘कालव्याच्या नकाशावर मी कधी पाणी द्या असं लिवलं न्हाय. कालवा नीट काढला.’

पुढचा तासभर ते माझ्या मागं उभे राहिले आणि मी केलं. आधी चौकट, तुटक रेघेच्या आत, चारी बाजूंनी. डावीकडची रुंद जागा तशीच मोकळी. मग नकाशा उचलून चौकटीत. मग माप एकास दोनशेवर पक्कं बांधलं. मग पीडीएफ कुठून कुठपर्यंत करायची ते चौकटीचे दोन कोपरे दाबून सांगितलं, पडद्यावर दिसेल तेवढं असं नाही. कोपऱ्यात काकांनी दहा सेंटीमीटरची एक रेघ काढायला लावली, छापल्यावर पट्टीनं मोजता यावी म्हणून. ‘आणि छापायच्या दुकानात शंभर टक्क्यांवर छाप म्हणून सांग. तिथला पोरगा आपल्या मनानं बसवून देतोय.’

वरून हाक आली, ‘ऊटक्क बर्री!’ काका हलले नाहीत. दुसऱ्यांदा आली. ते गॅलरीकडं मान वर करून कानडीत काहीतरी म्हणाले आणि थोड्या वेळानं काकू दोन ताटं घेऊन खाली आल्या. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. कागद बाजूला सारून आम्ही त्याच टेबलावर जेवलो. काकूंनी माझं पत्रक उचललं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, ‘एवढं सगळं बारीक लिहिलंय, वाचतंय कोण गं?’ काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दुकानातलं दुसरं काही आठवलं नाही तरी ते हसणं आठवतं.

वस्तीत जाऊन सांगणं बाकी होतं. मी आत्याच्या दारातच उभी राहून सांगितलं, ओळीतल्या सगळ्या बायका ऐकत असताना. कुणी गिळली नाहीत. माझ्या हातून कापली गेली.

‘म्हंजी बिल्डर न्हाई?’ शेजारीण जरा हिरमुसली.

‘नाही.’

‘अगं पोरी,’ आत्या म्हणाली, ‘सकाळपासनं त्या बिल्डरला मी शिव्या घालतीया. त्या आता कुणाच्या नावावर टाकू?’

‘माझ्या.’

‘तुज्या तर हायेतच,’ ती म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, ‘पण उद्या ऱ्हाईल न्हवं आपलं घर कागदावर? खरं सांग.’

मी राहील म्हणाले.

बुधवारी साडेअकराला मी छापील नकाशा कारकुनांच्या टेबलावर ठेवला. आधी माफी मागितली, परवाइतक्याच मोठ्या आवाजात, शेजारच्या खोलीला ऐकू जाईल अशी. ते म्हणाले, ‘तुमचं पत्रक वाचलं. भाषा चांगली आहे.’ टोमणा होता की खरंच, मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी पट्टी काढली. कोपऱ्यातली रेघ मोजली, दहा भरली. घरं मोजली, चौसष्ट. मग पंचिंग मशीन ओढलं आणि डावीकडं खटकन दोन भोकं पाडून नकाशा फायलीत अडकवला. भोकं मोकळ्या जागेत पडली. मी आधीसारखीच ओळ कडेला ठेवली असती, तर ती भोकं कुणाच्या तरी घरातून गेली असती. एवढं कळायला मला तिथपर्यंत जावं लागलं.

काका पुढच्या वर्षी मैंदर्गीला परत गेले. काकूंना शहरात करमत नव्हतं. गाळा रिकामा करायला मी गेले होते. माझी पत्रकंही बदलली, थोडी. कडेला बोटभर जागा सोडते. कार्यकर्ते विचारतात, ताई, एवढी जागा कशाला? मी सांगते, धरायला.

मोजणीला माणसं आली ती पावसाळा संपल्यावर. त्यातल्या एकाच्या हातात आमच्या नकाशाची प्रत होती. नाल्याकाठच्या ओळीशी येऊन त्यानं कागद वळवला, घरं मोजत चालू लागला आणि सातव्या दारासमोर थांबला. आत्या पदर खोचून उंबऱ्यात उभी.

‘दर्शनी दहा फूट,’ त्यानं वाचलं, टेप लावली, खूण केली.

‘आन् मागं न्हाणी हाय,’ आत्या म्हणाली. ‘ती पन लिवा. सोडू नगा.’

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. ‘आहे की, मावशी. न्हाणी काढलीय यात. चार बाय तीन.’

आत्या आत गेली आणि न्हाणीचं दार त्याच्यासाठी सताड उघडून उभी राहिली.