यंदा आपलंच, बाप्पा!

फायनलच्या शेवटच्या डावात मी दुसऱ्या बेसवर सुखरूप पोचलो आणि न थांबता चार पावलं पुढे गेलो. बेसबॉलमध्ये असं केलं की माणूस बाद होतो. मी झालो. आमचा संघ हरला.

एवढं सांगून टाकलं, म्हणजे आता काकूंबद्दल मोकळेपणाने बोलता येईल.

"यंदा आपलंच, बाप्पा!" हे काकूंचं वाक्य. दर एप्रिलमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊच्या पार्कात, बॅट्समनच्या मागच्या जाळीपलीकडे घडीची खुर्ची उघडता उघडता त्या ते म्हणत. मग क्लबची टोपी अंबाड्यावर बसवायचा प्रयत्न करत. ती बसत नसे. मग थर्मास पायाशी, चिवड्याचा डबा मांडीवर, आणि सीझन सुरू. संघ कसाही खेळो, तो जिंकणारच आहे अशी खात्री असलेला एक चाहता प्रत्येक क्लबात असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्याकडे चाहता तेवढाच होता. प्रेक्षकही तेवढाच.

काकू मूळच्या नागपूरच्या. लग्न झाल्यावर आधी अमेरिकेत गेल्या. काका दिवसभर कामावर, बाहेरची भाषा डोक्यावरून जाणारी, आणि खिडकीतून समोरच बेसबॉलचं मैदान. भाषेआधी त्यांना खेळ कळला. पुढे काकांच्या नोकरीपायी इंग्लंडात आल्या आणि कित्येक वर्षं त्यांना क्रिकेटवर दिवस काढावे लागले. "काढले बाप्पा," त्या म्हणत, "उपासाला साबुदाणा खातो तसे." काका गेले, त्यानंतरच्या एका रविवारी भाजी घेऊन घरी निघाल्या असताना पार्कातून बॅटचा ओळखीचा आवाज आला. काकूंनी पिशव्या गवतावर ठेवल्या आणि संध्याकाळपर्यंत उचलल्या नाहीत.

मी तेव्हा मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये होतो. पुण्याहून नुकताच आलेला, रविवार रिकामा. संघाला एक माणूस कमी पडतोय म्हणून ऑफिसातल्या एकाने मला ओढून नेलं. "बॅट-बॉलच ना? आमच्या रक्तात आहे," असं मी त्याला ट्रेनमध्ये सांगितलं.

पहिल्याच सामन्यात मी बॉल मारला, बॅट घट्ट धरून पळालो आणि पहिल्या बेसवर ती क्रीझमध्ये टेकवतात तशी टेकवली. दोन्ही संघ हसत होते. जाळीमागून खणखणीत मराठी आलं, "अरे, ठेव ना ती! घरी घेऊन चालला का?"

चहाच्या वेळी काकूंनी मला नीट न्याहाळलं.

"पुण्याचा का रे?"

"हो काकू. कसं ओळखलंत?"

"चुकल्यावरही बरोबर असल्यासारखा उभा होता."

काकू सगळ्यांवरच मराठीत ओरडत. आमचा कॅप्टन आठवडाभर प्लंबिंग करायचा आणि रविवारी बॉल फेकायचा. नवा खेळाडू आला की तो त्याला आधी "पळ" आणि "थांब" हे दोन शब्द शिकवायचा, मग मैदान दाखवायचा. उच्चार भयंकर, पण पाय अचूक. काकूंनी "पळ!" म्हटलं की गोरे, काळे, सगळे पळत. "थांब!" म्हटलं की जागच्या जागी खिळत.

मी सांगतोय त्या वर्षी आम्ही एप्रिल हरलो, मे पण हरलो. "थंडीत आपली टीम उघडत नाही," काकू म्हणाल्या. जूनमध्ये पावसाने सामने धुऊन नेले, ते काकूंनी सरळ जिंकलेल्यांत धरले. "झाले असते तर जिंकलोच असतो ना?" एका सामन्यात आमचा सपशेल धुव्वा उडाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांचं नशीब संपवून टाकलं आपण आज."

आणि गंमत बघा, जुलैत आम्ही खरंच जिंकायला लागलो. कॅप्टनचा आखडलेला खांदा मोकळा झाला, मीसुद्धा बॅट टाकून पळायला शिकलो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आम्ही प्लेऑफमध्ये शिरलो. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच.

त्या दिवशी चिवडा वाटताना काकूंनी सहज सांगितलं, की त्यांनी घर विकलं. गुडघे जिना चढू देत नव्हते. मुलगी मँचेस्टरला न्यायला येणार होती, सप्टेंबरअखेरीस.

"पण काकू, पुढचा सीझन?"

"पुढचं कशाला? यंदा आपलंच आहे. एकदा ती ट्रॉफी या हातात धरते, मग जन्मभर मँचेस्टरच्या ट्राम बघत बसायलाही तयार आहे."

हे कॅप्टनला कळलं आणि त्याने सगळ्यांना सांगितलं. सेमीफायनल आम्ही ट्रॉफीसाठी खेळलोच नाही. काकूंसाठी खेळलो, आणि आरामात जिंकलो.

फायनलचा शेवटचा डाव. आम्ही एका रनने मागे, आमचे दोन बाद, तिसरा गेला की खेळ खलास. बॅटिंगला मी. माझ्यानंतर कॅप्टन, त्याला त्या दिवशी बॉल नारळाएवढा दिसत होता. मी मारला, आणि काय मारला म्हणून सांगू! बॉल पार कुंपणापाशी. "पळ! पळ! पळ!" पहिला बेस मागे टाकला, दुसऱ्यावर पाय पडला, बॉल यायच्या आत. आता नुसतं उभं राहायचं होतं.

"थांब!" काकू ओरडल्या.

बेंचवरचा प्रत्येक इंग्रज बसल्या जागी थांबला. मैदानातला एकुलता एक मराठी माणूस मात्र लहानपणापासून क्रीझ ओलांडून ऐटीत पुढे जाणारा. मी चार पावलं गेलो, वर बॅट उंचावावी तसा हात उंचावला. त्यांच्या फील्डरने मागून बॉल माझ्या पाठीला हळूच टेकवला. टेकवताना तो जवळजवळ सॉरी म्हणाला.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी थर्मास उघडून कॅप्टनला चहा दिला, मग एकेकाला. माझ्यापर्यंत येताना थर्मास संपला. खरंच संपला होता का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. जाताना त्यांनी खुर्ची घडी केली नाही. "राहू दे इथेच. पुढच्या वर्षी आपलंच," म्हणाल्या आणि मुलीच्या गाडीत बसल्या. टोपी तेवढी अंबाड्यावर होती. तीही तिरकी.

पुढच्या एप्रिलमध्ये कॅप्टनने ती खुर्ची जाळीमागे स्वतः उघडली. कुणी बसायला गेलं की "थांब!" म्हणायचा. सीझनभर ती तशीच रिकामी राहिली. आणि सप्टेंबरमध्ये आम्ही फायनल जिंकलो. ट्रॉफी आधी त्या खुर्चीत ठेवली, मग मी मँचेस्टरला फोन लावला. मागे सगळे "पळ! पळ!" करून बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

"काकू, जिंकलो! ट्रॉफी तुमच्या खुर्चीत आहे!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग घसा साफ केल्याचा.

"अस्सं," काकू म्हणाल्या, "म्हणजे तुला बाहेर बसवलं होतं."

बसवलं होतं.