ठकीच्या गालाखालून

शिंपीणबाईंच्या दुकानात शिवून झालेला कपडा आधी उलटा होतो आणि ठकीपुढे जातो. ठकी त्यांची मुलगी, आता चांगली खांद्याला लागलेली. ती डोळे मिटून आतल्या प्रत्येक शिवणीवर गाल फिरवते. पसंत पडला तर कपडा घडी करून बाजूला ठेवते, नाहीतर म्हणते, "टोचतं." मग गिऱ्हाईक दारात कितीही पाय आपटत असो, शिवण उसवली जाते.

ठकी लहान असताना एखादं लेबल, दोऱ्याचं सुटं टोक, कशानेही किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. नातेवाइकांनी 'लाडावून ठेवलंय' म्हणून सांगितलं. शिंपीणबाईंनी दोन्ही ऐकून घेतलं आणि मुलीचा झगा उलटा करून पाहिला. पोरीचं खरं होतं. आत सगळे दोरे कुसळांसारखे उभे होते, आणि ते शिवणकाम त्यांचं स्वतःचंच! तेव्हापासून त्या शिवण नव्याने शिकल्या. आज तान्ह्या बाळांचे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे कपडे शिवून घ्यायला लोक लांबून येतात. कुणी हाताचं कौतुक केलं की बाई ठकीकडे बोट दाखवतात. लोक कसनुसं हसतात. त्या हसण्याचा त्यांना भारी राग येतो.

त्याहून जास्त राग येतो तो "अशा मुलांत काहीतरी जादू असते म्हणे, गणितं करते का झटपट?" या प्रश्नाचा. नाही करत. बोटांवर मोजते आणि तरी चुकते. ती काही सर्कशीतलं अस्वल नाही. तिला जे जाणवतं ते ती सांगते, आणि कुणाचं तोंड बघून बदलत नाही. आईला तेवढ्याचाच अभिमान पुरतो.

यंदा मोठ्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. पोशाख अर्थातच काकूने शिवायचा. जाऊबाई कापड आणि गळ्यासाठी ताठ, चमचमती लेस घेऊन आल्या. ठकीने लेसला गाल लावला. "टोचतं."

"तिला काय कळतंय! तू लाव गं," जाऊबाई म्हणाल्या, आणि निघताना आवाज खाली आणून, "लग्नाच्या दिवशी तिला कुणाकडे तरी ठेवशील ना? पाहुणे असणार. ही मध्येच काहीतरी बोलते."

शिंपीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, आणि जाऊ मोठी. त्यांनी मान खाली घातली. लेससुद्धा लावली.

फिटिंगला नवरी आरशासमोर उभी राहिली. जाऊबाईंचा आनंद पोटात मावेना. ठकी उठली, जवळ गेली.

"ताईला टोचतंय."

"नाही गं, छान आहे," नवरी हसून म्हणाली.

"नाही. लाल झालंय." ठकीने बोटाने लेस उचलली. मानेवर लालभडक वळ उठले होते.

"बघ, हेच!" जाऊबाई कडाडल्या. "चारचौघांत असं बोलली म्हणजे?"

नवरीचे डोळे भरून आले. "आई, खरंच टोचतंय. मघापासून. तू एवढ्या हौसेने आणलीस, म्हणून..."

शिंपीणबाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"वहिनी, तुमच्या मुलीची मान सोलली तरी तिला तुमच्यापुढे बोलता आलं नाही. माझी बोलली. आता यातल्या कुणाला लपवून ठेवायचं, ते तुम्हीच सांगा."

"अगं, मी फक्त..."

"ठकी लग्नाला येणार. पुढे बसणार. आणि मध्येच काहीतरी बोलणार. ते चालत नसेल, तर पोशाख दुसरीकडे शिवून घ्या."

त्यांनी कात्री उचलली आणि तिथल्या तिथे लेस उसवायला घेतली.

लेस निघाल्यावर नवरी आत जाऊन पोशाख बदलून आली. तिने तो स्वतः उलटा केला आणि ठकीपुढे धरला. ठकीने गळ्यावरून गाल फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. जाऊबाईसुद्धा श्वास रोखून बघत होत्या.

ठकीने पोशाखाची घडी केली आणि बाजूला ठेवली.