पाहुणे गेल्यावर काढणे

टोपणनावं सहसा अन्यायाने पडतात. होयबाचं तसं नव्हतं. ते त्याने वर्षानुवर्षं खपून कमावलं होतं. प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या गणकविभागात एकोणतीस वर्षं काढली, पण वरच्या माणसाला त्याने कधी नकार दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना मोठे साहेब म्हणाले, काय ऊन आहे आज, की हा खिडकीकडे पाठ करून म्हणणार, होय साहेब, चांगलंच तापलंय. आणि वर कपाळ पुसणार.

संस्थेचं काम म्हणजे सूर्याच्या पोटात जे चालतं ते जमिनीवर करून दाखवायचं. वायू इतका तापवायचा की जगातलं कुठलंच भांडं त्याला धरू शकू नये. त्याला म्हणायचं प्लाझ्मा. मग बांगडीच्या आकाराच्या एका पोलादी भांड्यात तो लोहचुंबकांच्या जोरावर अधांतरी तोलायचा, भिंतीला लागू द्यायचा नाही. लागला की भिंत वितळलीच. इतक्या वर्षांत हे तोलणं दीड सेकंदाच्या पुढे गेलं नव्हतं. त्यावरची भाषणं मात्र दीड दीड तास चालत.

भट्टी पेटवणं जिकिरीचं, म्हणून ती आधी संगणकावर पेटवून बघायची पद्धत होती. वायूचे लाखो चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचं पुढच्या क्षणी काय होईल ते संगणकाने काढायचं. हा प्रोग्रॅम होयबा सांभाळायचा. त्यातली ओळ न् ओळ त्याला पाठ होती, आणि त्यातलीच एक ओळ त्याला विसरायची होती.

ती सतरा वर्षांपूर्वीची. तेव्हाचा संगणक दमेकरी. तुकडे मोठे ठेवावे लागत, प्लाझ्म्याच्या कडेला उठणारी बारीक लाट त्यांत मावत नसे, आणि गणित मध्येच भरकटून कोसळत असे. त्यात परवावर पाहुणे आलेले. साहेबांना त्यांना दाखवायला रंगीत चित्रफीत हवी होती, शांत, गोल, देखणी. होयबा म्हणाला होय. मग त्याने प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. लाट उठली रे उठली की तिच्यावर इस्त्री फिरवणारी. वर टीप लिहिली: "तात्पुरतं. पाहुणे गेल्यावर काढणे." खाली आपल्या नावाची दोन अक्षरं आणि तारीख. प्लाझ्मा असा गुणी बाळासारखा बसला की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे गेले. ओळ राहिली.

आता या गोष्टीत दाजी येतात. दाजी म्हणजे होयबाच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्याच संस्थेतला वेल्डर. खांदे जेमतेम मावतील अशा भोकातून त्या भांड्यात शिरायचं, पाठीवर झोपून आतल्या भिंतीला धातूच्या टाइल जोडायच्या, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. प्रत्येक टाइलमागे आपली खूण कोरून ठेवणारा माणूस. बोलणं कमी. संस्थेत दहा माणसं बोलून जेवढं करत, त्यापेक्षा जास्त दाजी न बोलता करत. अर्थात म्हणूनच त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

अकरा महिन्यांपूर्वी भांड्याच्या खालच्या अंगाची एकतीस नंबरची टाइल वितळली. लगेच चौकशी. प्लाझ्मा तिथे लागला होता का? छे, गणित सांगतं की प्लाझ्मा तिथे फिरकतच नाही. मग टाइलच उचकटून पुढे आली असणार. कोणी जोडली होती? संपला विषय. पुढच्या नेमणुका डोळ्यांसमोर असलेल्या पाच शहाण्यांनी चहा संपायच्या आत चोर सोडून संन्याशाला सुळावर दिलं. होयबाही त्या खोलीत बसला होता. त्याला एकच प्रश्न विचारला, गणित बरोबर आहे ना? तो म्हणाला, होय. समोर दाजी उभे होते. "जोड माझा आहे. तो सुटलेला नाही," एवढंच ते म्हणाले, आणि ते कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

अंतिम निकाल होईपर्यंत दाजींना फाटकाजवळच्या खिडकीत बसवलं. आत जाणाऱ्यांना हेल्मेट द्यायची, बाहेर येणाऱ्यांकडून परत घ्यायची. ज्या हातांनी केसाएवढी फट बुजवली, ते हात आता पट्ट्यांवरचा घाम पुसत होते.

होयबा दर रविवारी ताईकडे जेवायला जायचा. तेही सोडलं नाही त्याने, घ्या. माणूस निर्लज्ज नव्हता, पण सवय मोडायला जी हिंमत लागते ती त्याच्यात नव्हती. एका रविवारी दाजी हात धुवायला उठले तेव्हा ताईने हळू आवाजात विचारलं, "काय रे, तुझ्या त्या यंत्राला खरंच आतलं सगळं दिसतं?"

"होय," तो म्हणाला. सवयीनेच. आणि मग त्याला पुढचा घास गिळवेना. ताईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. लहानपणी त्याला ठसका लागला की ती असाच सरकवायची.

त्याच सुमारास संस्थेत महासंगणक आला. ऐंशी कपाटं, गार वाऱ्याचा घोंघाट, दाराशी बूट काढून आत जायचं. महिनाभर जो तो त्याच्यापुढे फोटो काढून घेत होता. दोन आकड्यांची बेरीज बोटांवर करणारेसुद्धा. साहेबांनी फर्मान काढलं की उद्घाटनाला नवी चित्रफीत पाहिजे, जुनीच, पण शंभरपट बारकाईने. होयबा होय म्हणाला आणि प्रोग्रॅम उघडून बसला.

आता तुकडे इतके बारीक होते की लाट त्यांत आरामात मावली असती. इस्त्रीची गरज उरली नव्हती. ती ओळ पडद्यावर त्याच्याकडे बघत होती. ताईचा प्रश्न कानात होता. त्याने ओळ बंद केली आणि गणित रांगेत लावलं. दोन दिवसांनी नंबर लागला, एकोणीस तास ते चाललं, आणि उत्तर बघताना होयबाची पाचावर धारण बसली. प्लाझ्मा आधी शांत होता. मग कडेला लाट उठली, वाढली, आणि तिची जीभ खाली जाऊन भिंतीला चाटून आली. तीस नाही, बत्तीस नाही. नेमकी एकतीस नंबरची टाइल.

तो साहेबांकडे गेला. साहेबांनी बघितलं आणि आधी दार लावलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की विज्ञानात असं होतंच, सध्या ती ओळ परत घालावी, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि वेल्डर काय, दुसरा मिळतो. होयबा म्हणाला, होय. शेपूट घालून परत आला, ओळ चालू केली, गुळगुळीत चित्रफीत करून दिली. काय बोलायचं अशा माणसाला! पण आधीचं उत्तर त्याने पुसलं नाही. एका पानावर ते उत्तर, दुसऱ्यावर टिपेसकट ती ओळ, अशी दोन पानं छापून घेतली आणि खिशात ठेवली. नऊ दिवस ती खिशातच मळत होती.

दहाव्या दिवशी अंतिम सुनावणी होती. दाजींचा वेल्डिंगचा परवाना कायमचा रद्द करायचा, एवढंच उरलं होतं. अध्यक्ष म्हणून बाहेरून एक म्हाताऱ्या इंजिनिअरबाई आल्या होत्या. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशी उभे होते. खुर्ची रिकामी होती, पण बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. बाईंनी होयबाला तोच प्रश्न विचारला, गणित बरोबर आहे ना?

होयबाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. मग त्याने दाजींकडे पाहिलं. दाजी त्याच्याकडे बघतच नव्हते, आणि हेच त्याला सोसेना. त्याने खिशातून दोन पानं काढून बाईंपुढे ठेवली.

बाईंनी चष्मा लावून ती टीप मोठ्याने वाचली. "तात्पुरतं. पाहुणे गेल्यावर काढणे." मग विचारलं, "खाली ही अक्षरं तुमचीच?"

"होय."

आयुष्यात हजारदा म्हटलेला शब्द, पण या खेपेला तो म्हणताना त्याने साहेबांकडे पाहिलं नाही.

"मग सतरा वर्षांत ही ओळ काढली का नाही?"

"पाहुणे येतच राहिले, बाई," होयबा म्हणाला.

पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. साहेबांच्या अंगाला काही लागलं नाही. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी सांगितलं की महासंगणकाने पहिल्याच फटक्यात जुनी चूक पकडली आणि सत्य लपवणं आपल्या संस्थेच्या रक्तात नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजींना परवाना परत मिळाला. माफी कुणीच मागितली नाही. होयबाला मात्र प्रोग्रॅमपासून दूर ठेवायचं ठरलं, आणि निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या माणसाला बसवण्यासारखी रिकामी जागा एकच होती.

सोमवारी सकाळी तो हेल्मेटच्या खिडकीत गेला. स्टूल बघून दचकला, कारण त्या स्टुलाचा पाय मोडका आहे हे सगळ्या संस्थेला ठाऊक होतं. तो उभाच राहिला. आठ वाजता दाजी आले, पांढरा डगला घालून. हेल्मेट घेतलं, पट्टा ओढून बघितला, आणि जाता जाता थांबले.

"उभा का? बस की. कागदाच्या घड्या लावून भागवलेलं नाही मी. आलो त्याच दिवशी पाय जोडून घेतला."

दाजी आत गेले. होयबा जरा वेळ घुटमळला, मग हळूच बसला. स्टूल जरासुद्धा हललं नाही.