खिडकीजवळची जागा

आमच्या हॉलमध्ये खिडकीजवळ एक जुनी दगडी देवी उभी आहे. नाक झिजलेलं, उजवा हात कोपरापासून तुटलेला. बायकोने आणि मी ती हौसेने आणली, वर पिवळा दिवा लावला. शेजारी एक आधुनिक लोखंडी शिल्प आहे, त्यावर मी परवा चुकून ओली छत्री अडकवली.

देवी आली तेव्हा आई म्हणाली होती, "अरे, भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत. पाण्यात सोडतात."

"आई, ही पूजेची नाही, शोभेची आहे," मी जाणकारासारखं सांगितलं.

त्या खिडकीशी आईची खुर्ची असायची. अर्धांगवायूने तिचा उजवा हात गेला, तेव्हापासून दिवसभर ती तिथेच बसे. देवीला उजेड हवा म्हणून खुर्ची आतल्या खोलीत गेली.

काल पाहुणे आले. "त्या तुटक्या हातातच सगळं सौंदर्य आहे," त्यातले एक जण म्हणाले. मी अशी मान डोलावली, जणू तो हात मीच घडवून तोडला होता. दगड मोडला की त्याच्यावर दिवा लावायचा आणि माणूस मोडलं की दार ओढून घ्यायचं, अशी ही आमची सजावट.

ते गेल्यावर आतून आवाज आला, "गेले का रे पाहुणे? येऊ का जरा बाहेर?"

मी खुर्ची उचलून आणली आणि ती कुठे ठेवावी ते बघत हॉलभर फिरलो. शेवटी देवीलाच हात घातला.

"राहू दे," दारात टेकून आई म्हणाली. "तिला नको हलवू. आणखी मोडायची बिचारी."