चार कंपन्यांच्या ताई

ताईंच्या खोलीबाहेरच्या दोरीवर एका वेळी तीन कंपन्यांचे टी-शर्ट वाळत असायचे, आणि त्या तिन्ही कंपन्या बाजारात एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असायच्या. बोनकोड्याच्या त्या गल्लीतून जाताना मी मुद्दाम थांबून बघायचो. निळा टी-शर्ट बटणांच्या फोनवर मोठ्या झालेल्या जुन्या कंपनीचा. नारंगी दोन सिमच्या फोनवाल्या देशी कंपनीचा. हिरवा त्या दोघींचा धंदा बंद पाडणाऱ्या चिनी कंपनीचा. बंद पडलेल्या कंपनीचा टी-शर्ट म्हणजे आमच्या बाजारात लादी पुसायचं फडकं. ताई मात्र तो धुऊन, इस्त्री करून घरात घालायच्या. एकदा मी हसलो तर म्हणाल्या, "शेठ, त्या कपड्यावर पोरीच्या शाळेची फी भरलीय. त्यानं लादी कशी पुसू?"

माझं कोपरखैरण्याला मोबाइलचं दुकान आहे. स्टेशनबाहेर प्लास्टिकच्या कागदावर कव्हर आणि चार्जर मांडून मी सुरुवात केली, आणि आज जो गाळा आहे तो कोणी मला दिलेला नाही. ताई माझ्या काउंटरवर प्रमोटर होत्या. प्रमोटर दुकानात उभा राहतो, पण नोकरी कंपनीची करतो. पगार तिकडचा, जागा आमची. आलेल्या गिऱ्हाइकाला आपल्या कंपनीचा फोन घ्यायला लावायचा, एवढंच काम. कंपन्यांना ह्या कामाला विशीतली, केसांना जेल लावलेली पोरं लागतात. ताई आल्या तेव्हाच चाळिशीच्या पुढे होत्या. मूळच्या महाडकडच्या, नवरा नेरूळला एका सोसायटीत वॉचमन, मुलगी नर्सिंगला जायची स्वप्नं बघणारी. पंजाबी ड्रेसवर कंपनीचा टी-शर्ट, त्यावर ओढणी, ओढणीला दोन पिना. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्या बाई आठवडाभर टिकणार नाहीत.

त्या टिकल्या, कारण त्यांना समजावून सांगता यायचं. पावण्याच्या कारखान्यातला कामगार असो की बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, 'ऑपरेटिंग सिस्टीम' ह्या शब्दाला सगळेच सारखे घाबरायचे. ताई म्हणायच्या, "ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे सोसायटीची कमिटी. घर तुमचं, पण पाणी किती वाजता येणार ते कमिटी ठरवते." अपडेट बंद झालं म्हणजे काय, असं कोणी विचारलं की उत्तर तयार, "कमिटीनं तुमच्या मजल्याचं पाणी तोडलं. घर पडत नाही. पण राहता पण येत नाही." आणि त्या महागड्या अमेरिकन फोनबद्दल? "ती वेगळी सोसायटी. गेटवर कडक वॉचमन. चोर येत नाही, पण तुमच्या पाहुण्याला पण विचारून सोडणार." हे ऐकून एक वकीलसाहेब इतके हसले, की चार्जर घ्यायला आलेले फोनही घेऊन गेले.

त्यांचा दुसरा गुण धंद्याला तितकासा सोयीचा नव्हता. खोटं बोलायचं नाही, आणि विचारल्याशिवाय खरंही सांगायचं नाही, असा त्यांचा हिशेब होता. निळ्या कंपनीनं शेवटी शेवटी एक फोन काढला. दिसायला देखणा, हातात घेतला तर ठेवू नये असा, पण त्याची सिस्टीमच वेगळी. बँकेचं ॲप नाही, मुलांच्या क्लासचं ॲप नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, घेऊ का?" ताई फोनवर हात फिरवत म्हणायच्या, "फोन एक नंबर आहे. पण ह्याच्या गावात बाजार भरत नाही." मी मागून डोळे वटारायचो. गिऱ्हाईक गेल्यावर आवाज चढवायचो. माझा आवाज चढला की शेजारचा झेरॉक्सवाला सुद्धा काम थांबवतो. ताई शांतपणे डेमोचा फोन पुसत राहायच्या. "तुमचं झालं का शेठ? मग त्या काकांना नारंगीवाला दाखवते. तो विकला तरी पैसे तुमालाच." आपल्या कंपनीचं गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे पाठवणारी प्रमोटर मी तेवढी एकच बघितली. पण गंमत अशी, की ते काका पुढे बायकोचा, मुलाचा, जावयाचा फोन माझ्याकडूनच घेऊन गेले. प्रत्येक वेळी ताईंना विचारून.

दिवाळी हा आमचा सीझन. तेव्हाच सगळ्या प्रमोटरांना गाव आठवतं. ताई दिवाळीला सुट्टी मागायच्या नाहीत, सकाळी शटर उघडायच्या आधी हजर. त्यांची सुट्टी ठरलेली, जयंतीची एक आणि बुद्धपौर्णिमेची एक. एका वर्षी जयंतीच्याच दिवशी कंपनीनं नवीन मॉडेल काढलं. एरिया मॅनेजर फोनवर म्हणाला, "आज यायलाच लागेल." ताई म्हणाल्या, "सर, तुमचं मॉडेल सहा महिन्यांनी जुनं होणार. आमची जयंती होत नाही." मी त्या मॅनेजरला दोन दिवस हे वाक्य ऐकवत होतो.

कंपनी बसली की पहिल्यांदा प्रमोटर जातो. निळी कंपनी बसली तेव्हा ताई डबा पिशवीत भरून म्हणाल्या, "बरं शेठ, येते." मी म्हटलं, थांबा. त्याच आठवड्यात नारंगीवाल्यांचा माणूस बोर्ड लावू द्या म्हणून माझ्या मागे लागला होता. त्याला चहा पाजून दोन तास घासाघीस केली. बोर्ड लावतो, समोरचं कपाटही देतो, पण प्रमोटर हीच बाई. तो म्हणाला, "वय जास्त आहे, सर." मी म्हटलं, "तुझ्या कंपनीचं किती आहे?" नारंगी गेली तेव्हा हिरव्यावाल्यांशी हेच. त्यांनी तर गावातल्या पानटपरीलाही हिरवा बोर्ड लावून दिला होता, तेव्हा मी तोंड फिरवून बसलो आणि ताईंना घेतल्यावरच बोर्ड चढू दिला. पुढे त्यांच्याही वर काळ्या टी-शर्टची कंपनी आली, कॅमेऱ्याचा गाजावाजा करत. पुन्हा तोच सौदा. तीन कंपन्यांशी मी ह्या बाईसाठी भांडलो. हे लिहितोय ते उपकार म्हणून नाही. माझा राग कुठून आला ते कळावं म्हणून.

आमच्या धंद्यात ॲक्टिव्हेशन नावाचा एक प्रकार चालतो. कंपनी सांगते, महिनाअखेर इतके फोन विकून दाखवा, तरच नवीन मॉडेल सगळ्यांच्या आधी तुमच्या दुकानात येईल. फोन विकला गेला हे कंपनीला कसं कळतं? त्यात सिम घालून तो चालू केला की. मग आम्ही काय करतो, न विकलेल्या फोनचं सील हेअर ड्रायरच्या गरम हवेनं अलगद सोडवतो, सिम घालून फोन चालू करतो, बंद करतो, खोक्यात ठेवून सील परत चिकटवतो. कंपनी खूश, दुकान खूश. फक्त त्या फोनची वॉरंटी त्याच दिवशी सुरू होते, आणि ज्याला तो दोन महिन्यांनी विकला जाईल त्याला हे माहीत नसतं. सगळा बाजार हे करतो. मीही करायचो.

ताई त्या खोक्यांना हात लावायच्या नाहीत. त्यांना करायला सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी बघितलं नाही असं समजा. पण कोणी विचारलं तर मी सांगणार." मला वाटलं, कोण विचारतंय?

विचारलं बोनकोड्याच्या एका आबांनी. जुने भूमिपुत्र, पांढरा सदरा, बोटात अंगठ्या. नातीला बारावीनंतरचं बक्षीस म्हणून फोन घ्यायला आले होते. दुकानात सात-आठ माणसं. मी खोकं पुढे केलं. आबांनी ते उलटंपालटं केलं आणि माझ्याकडे न बघता ताईंना विचारलं, "मना नवा कोरा पायजे, पोरी. वॉरंटी आजपास्ना हाय ना?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. 'हो म्हणा' अशी मी भुवई उडवली. त्या म्हणाल्या, "नाय आबा. ह्या पीसची दोन महिन्यांमागं सुरू झालीय."

सात-आठ माना माझ्याकडे वळल्या. मी आवाज चढवला.

"ताई, तुम्ही नोकरी कोणाची करता?"

"कंपनीची."

"आणि उभ्या कुठे राहता?"

"तुमच्या काउंटरवर."

"मग उद्यापासून नका राहू."

खाली वाकून त्यांनी मागच्या रांगेतलं, खरंच न उघडलेलं खोकं काढलं, त्याचं सील आबांना उजेडात धरून दाखवलं, फोन चालू करून दिला, नातीचा फोटो काढून तिला दाखवला. बिल माझ्यासमोर सरकवलं. मग पाण्याची बाटली आणि डबा घेऊन निघून गेल्या. आबांनी फोन घेतला, म्हणजे माझं गिऱ्हाईकसुद्धा गेलं नाही. त्यामुळे मला ओरडायलाही काही उरलं नाही.

मी रागातच एरिया मॅनेजरला फोन करून माणूस बदलून घेतला. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: त्यांनी मला बाजूला घेऊन सांगायचं होतं. खोकायचं, पायावर पाय द्यायचा, 'शेठ, दुसरा पीस देऊ का' एवढं म्हणायचं. मी दिला असता. माझ्याच दुकानात, माझ्याच माणसांसमोर मला उघडं पाडायची काय गरज होती?

त्यांच्या जागी आलेली मुलगी चटपटीत होती. सगळ्याला हो म्हणायची. तीन महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की गिऱ्हाईक फोन बघतं, भाव विचारतं, आणि 'घरी विचारून येतो' म्हणून जातं ते परत येत नाही. ऑनलाइनला दोन पैसे स्वस्त मिळतं, हे खरंच. पण आधीही मिळत होतं. तेव्हा लोक माझ्याकडे यायचे कारण समोर उभं राहून खरं सांगणारं कोणीतरी होतं. "त्या ताई दिसत नाहीत?" हा प्रश्न दिवसातून तीनदा यायचा. मी म्हणायचो, गावाला गेल्यात.

मग काळी कंपनीही मागे पडली आणि पाचवी आली. मॅनेजर म्हणाला, प्रमोटर तुमच्या पसंतीचा. मी त्याच संध्याकाळी बोनकोड्याला गेलो.

ताईंनी काही झालंच नाही अशा आवाजात आत बोलावलं. चहा केला. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, नवऱ्याच्या गुडघ्याचं दुखणं, त्याची सुटलेली ड्यूटी, हे सगळं बोलणं झालं. त्यांना काम हवं होतं, आणि ह्या वयात दुसरा कोणी काउंटर देत नव्हता. हे मला दिसत होतं. मी पगार सांगितला, आधीपेक्षा बरा होता.

ताई म्हणाल्या, "येते. पण दुकानात ॲक्टिव्हेशन बंद. माझ्याच कंपनीचं नाय, सगळ्यांचंच."

"ताई, दुकान माझं आहे."

"म्हणून तर तुमाला विचारते."

"बरं, मधलं काढू. तुमच्या कंपनीचं एकही खोकं उघडणार नाही. बाकीच्यांचं माझं मी बघतो."

त्या हसल्या. "शेठ, हे काय मोबाइलचं कव्हर आहे, शंभरचं साठला द्यायला?"

मी उठलो. "मग राहू द्या," म्हटलं. चपला घातल्या, अगदी सावकाश. भाव करणारा प्रत्येक माणूस असाच उठतो. चार पावलं टाकतो, पाचव्याला मागून हाक येते, 'या, या, घ्या तुमच्या भावानं.' माझं निम्मं आयुष्य ह्या हाकेवर चाललं आहे. मी गल्लीत आलो. नळाजवळ थांबून उगाच फोन बघितला. कोपऱ्यापर्यंत गेलो. हाक आली नाही.

तीन दिवस मी रागात काढले. त्या तीन दिवसांत महिनाअखेर होती, आणि हेअर ड्रायर हातात घेऊन मी दोनदा खाली ठेवला. एकही खोकं उघडलं नाही. नवीन मॉडेल मला सगळ्यांच्या शेवटी मिळणार, हे ठरून गेलं. चौथ्या दिवशी फोन केला.

"ताई, तुमची अट कबूल. उद्यापासून या."

पलीकडे यंत्रांचा आवाज होता. "शेठ, मी परवाच सही केली. जासईकडं गोदाम आहे, ऑनलाइनवरून परत आलेले फोन येतात, ते तपासायचे. सील नीट आहे का, आधी कोणी चालू केला होता का ते बघायचं." मग म्हणाल्या, "सकाळची बस लवकर असते. तेवढंच."

मला रागसुद्धा आला नाही. मी विचारलं, "काम तर नव्हतं तुमच्या हातात. मग त्या दिवशी मागून हाक का नाही मारलीत?"

"हाक कशाला?" ताईंना खरोखरच कळलं नव्हतं. "मला वाटलं, तुमी खरंच निघालात."