शेंदराखालचा दगड

परवा मारुतीसाठी तेलात शेंदूर कालवला आणि त्या वासासरशी मी थेट बोईसरजवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर जाऊन पोचले.

तेव्हा आम्ही सांगलीकडून बोईसरला नव्यानेच राहायला आलो होतो. आम्हाला मासळी देणारी काशीमावशी मला तिच्या गावच्या दर्यादेवाच्या पूजेला घेऊन गेली होती. होड्या पाण्यात लोटण्याआधी सगळे दर्यादेव म्हणून एका उभ्या दगडाला शेंदूर लावत. पिढ्यान्‌पिढ्यांचे थर साचून तो चांगलाच जाड झाला होता. माझा नंबर आला, मी हात टेकवला आणि शेंदराचं अख्खं कवच निखळून माझ्या पायाशी पडलं.

आत क्रूस कोरलेला होता. त्याखाली परकी अक्षरं.

चटका बसावा तसा माझा हात मागे आला. शाळेत शिकलेले पोर्तुगीज, त्यांनी पाडलेली देवळं, बाटवलेली गावं, सगळं डोक्यात घुमू लागलं. एक तरुण पुटपुटला, "फिरंग्यांचा हाय. दर्यात टाकू या."

काशीमावशी पुढे झाली. "माझा बा, माझा नवरा याच्याच पाया पडून दर्यात गेले न् परत आले. आता आतलं दिसलं म्हनून तो परका झाला काय? शेंदूर आना."

पहिला हात तिनेच फिरवला आणि वाटी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि वाटी शेजारणीला दिली.

परवा शेंदराची बोटं धुताना ती न घेतलेली वाटी आठवली. देव कुणाचा ते आधी बघायचं आणि मगच हात लावायचा, हे मी त्या पोर्तुगीजांकडूनच शिकले होते की काय!